व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासाठी मासेमारीची बोट तयार करायचीय? आम्ही केलं तसं, टप्प्याटप्प्याने

दादाला कमरेखाली ताकद नाही. अपघाताच्या आधी तो आठवड्यातून दोनदा तरी पाण्यावर असायचा, आणि नंतर सगळेजण त्याला म्हणायचे काठावर बसून गळ टाक की, काय फरक पडतो. फरक पडतो. ज्याने बोटीतून मासे धरलेत त्याला काठावर बसवलं की त्याची नजर सारखी लांबच्या पाण्यावर. शेवटी घरातली जुनी १६ फुटी, सपाट तळाची अॅल्युमिनियमची बोट आम्ही दोघांनी बदलायला घेतली आणि त्यात दोन सीझन गेले, कारण दोनदा केलेलं काम उखडून परत करावं लागलं. ते तुम्हाला करायला लागू नये म्हणून हे सगळं लिहितोय.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. बोटीत काहीही बसवताना, पट्टा असो, खुर्ची असो, रॉड होल्डर असो, विचारायचं की बोट उलटली तर ही वस्तू माणसाला सोडेल का धरून ठेवेल? हा प्रश्न दादानेच पहिल्या दिवशी विचारला होता आणि मी तेव्हा नीट ऐकलं नाही, म्हणून पहिल्यांदा केलेलं निम्मं काम फुकट गेलं.

१. आधी माणूस मोजा, बोट नंतर

सगळे उलटं करतात. बोट बघतात, रॅम्प बघतात, आणि मग माणसाला त्यात बसवायला जातात. अपंगत्व एकसारखं नसतं हो. दादाचे हात दणकट आहेत पण कमरेला तोल नाही. आमच्यासोबत येणारे एक काका आहेत, त्यांना पॅरालिसिसनंतर डावा हात आणि डावा पाय चालत नाही पण ते काठी धरून चार पावलं टाकतात. दोघांना लागणारी बोट पूर्ण वेगळी आहे.

कागदावर लिहून काढा:

- माणसाचं वजन, चेअरचं वजन, दोन्ही वेगवेगळी. साधी फोल्डिंग चेअर साधारण १२ ते १८ किलो भरते, बॅटरीवरची पॉवर चेअर १०० किलोच्या पुढेही जाते.
- चेअरची रुंदी चाकांसकट, हात चाकावर ठेवल्यावर कोपरं किती बाहेर येतात तेही.
- सीटची उंची जमिनीपासून.
- स्वतःच्या हाताने शरीर उचलून बाजूच्या सीटवर सरकता येतं का, का दुसऱ्याने उचलावं लागतं.
- पाठीला आधार नसताना किती वेळ बसता येतं.
- कुठल्या भागाला स्पर्श कळत नाही. हे लोक विसरतात, पण पुढे खूप कामाला येतं.
- पोहता येतं का. आधी यायचं असं नाही, आत्ताच्या शरीराने येतं का.

हे सगळं त्या माणसाला विचारूनच लिहायचं. मी दादाची मापं परस्पर घेतली होती आणि त्याची चेअर तोपर्यंत बदललेली होती, ६ सेंटीमीटरने रुंद. फाटक परत कापलं.

२. कुठली बोट चालेल

पॉन्टून, म्हणजे दोन-तीन लांब नळकांड्यांवर सपाट मजला असलेली बोट, ही यासाठी सगळ्यात सोपी. मजला सपाट, फाटक आधीच असतं, डुलते कमी. शांत तलाव, धरणाचं पाणी, संथ नदी यासाठी मी डोळे मिटून हीच सांगेन. पण उंच लाटांमध्ये पुढचं टोक पाण्यात घुसायची भीती असते, म्हणून मोकळ्या समुद्रात ती नको.

सपाट तळाची छोटी बोट, आमच्यासारखी, उथळ पाण्यात मस्त आणि काम करायला सोपी, पण जागा कमी. खोल व्ही आकाराच्या तळाची बोट समुद्रात चांगली चालते, फक्त आतला मजला सपाट करावा लागतो आणि कडा उंच असतात, म्हणजे चढण्याचा प्रश्न मोठा.

चौथा प्रकार म्हणजे जिचं पुढचं तोंडच खाली पडतं आणि रॅम्प होतो. ब्रिटनमध्ये व्हीलीबोट ट्रस्ट नावाची संस्था व्हीलचेअरवाल्यांसाठी अशाच बोटी पुरवते. नवी बोट बांधून घेणार असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर ही कल्पना आधी विचारात घ्या. जुन्या बोटीचं तोंड कापून मात्र हे करायला जाऊ नका, त्याचं कारण पुढे येतं.

चेअरला जागच्या जागी पूर्ण वळायचं असेल तर साधारण १५० सेंटीमीटर व्यासाचा मोकळा गोल लागतो, आणि नुसती उभी राहायला ७६ बाय १२२ सेंटीमीटर. छोट्या बोटीत १५० चा गोल मिळतच नाही. मग एकच करा, ज्या तोंडाने आत आलात त्याच तोंडाने मागे जाता यायला पाहिजे एवढं बघा.

३. तोल: पाण्याचे कॅन भरून बघा

हा टप्पा कोणीही गाळू नका.

बोटीवर क्षमतेची पट्टी, म्हणजे किती माणसं आणि किती वजन चालेल हे लिहिलेली, असेल तर त्यावरचा आकडा शेवटचा. नसेल तर २० फुटांखालच्या साध्या बोटीसाठी एक ढोबळ हिशेब आहे, लांबी गुणिले रुंदी (दोन्ही फुटांत) भागिले १५, येतील तेवढी माणसं, तीही शांत हवामानात. आमची १६ बाय ५, म्हणजे ८० भागिले १५, पाच माणसं. पण हा हिशेब मधोमध, खाली बसलेल्या माणसांचा आहे. चेअरवरचा माणूस बाकावरच्यापेक्षा उंच बसतो, वजन वर जातं, आणि बोट एका बाजूला झुकली की तो पाय रोवून तोल सावरू शकत नाही. म्हणून चेअरसकट एक माणूस म्हणजे दोन माणसं धरा, पॉवर चेअर असेल तर तीन. आम्ही पाचच्या बोटीत तीनच जण जातो.

आता टेस्ट. २० लिटरचे कॅन घ्या, पाण्याने भरलेला एक कॅन म्हणजे २० किलो. माणूस अधिक चेअर १०० किलो असेल तर पाच कॅन, आणि ते जमिनीवर नाही ठेवायचे, सीटच्या उंचीच्या पेटीवर ठेवून दोरीने बांधायचे म्हणजे वजन खऱ्या उंचीवर येतं. बोट उथळ पाण्यात, जेटीला सैल बांधलेली. आधी कॅन मधोमध ठेवून पाण्यापासून कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजा. मग तेच कॅन एका कडेला सरकवा, मदतनीस म्हणून एक जण त्याच बाजूला उभा करा आणि परत मोजा, कारण मासा लागल्यावर सगळे त्याच बाजूला धावतात, हे ठरलेलंच आहे. कड पाण्याच्या जवळ येताना दिसली की तिथेच थांबा, ती बोट किंवा ती मांडणी तुमच्यासाठी नाही.

याच कारणासाठी चेअर नेहमी बोटीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर. बऱ्याच मासेमारीच्या बोटींना पुढे उंच ओटा असतो, तिथून गळ टाकायला छान वाटतं आणि तिथे रॅम्प करून द्यायचा मोह पण होतो. नको.

४. बाक कापण्याआधी थांबा

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

छोट्या बोटीत आडवे बाक असतात, चेअरला जागा करायची तर मधला बाक काढणं आलंच. मी ग्रायंडर घेतला आणि अर्ध्या तासात बाक काढून टाकला. आतून पांढरा फोम निघाला, तो पण काढून फेकला. मग बोट पाण्यात टाकली तर लाटेवर बाजूचे पत्रे आत-बाहेर व्हायला लागले, हाताला जाणवत होतं.

झालं होतं असं की बाक नुसता बसायला नसतो. तो दोन्ही बाजूंना ताणून धरतो, बोटीचा आडवा कणा म्हणा. आणि आतला फोम हा बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून असतो. साधारण १ लिटर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम पाण्यात जवळजवळ १ किलो वजन तोलून धरतो, म्हणजे मी ७०-८० लिटर फोम फेकून दिला म्हणजे तेवढ्या किलोंचा आधारच फेकून दिला, आणि तोही ज्या बोटीत पाय न हलवता येणारा माणूस बसणार होता तिच्यातून.

बाक काढायचाच असेल तर:

- आधी बोटीचं काम करणाऱ्या अनुभवी वेल्डरला किंवा फायबरवाल्याला दाखवा, मग ग्रायंडर.
- आडव्या ताकदीची भरपाई मजल्याखालून आडव्या पट्ट्या देऊन आणि कडांना आतून जाड पट्टी लावून करा.
- काढलेला फोम मापून तेवढाच, शक्यतो जास्त, परत बसवा. आणि तो तळाशी नाही, दोन्ही कडांना वरच्या बाजूला. फोम नुसता तळाशी असला तर पाण्याने भरलेली बोट उलटी होऊन तरंगते, दोन्ही कडांना असला तर सरळ राहायला मदत होते.
- पॅकिंगचा थर्माकोल चालत नाही, पेट्रोलने तो विरघळतो.

कडेला दार कापायचं असेल तर तेच, आणि वरून एक गोष्ट, दाराचा उंबरठा भरलेल्या बोटीच्या पाण्याच्या रेषेपासून भरपूर वर पाहिजे आणि दार आतल्या बाजूला उघडायला पाहिजे. बाहेर उघडणारं दार कोणी टेकलं की गेलं. आणि बोट नोंदणीची असेल तर कापण्याआधी नोंदणीच्या ऑफिसला आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर कळवलं आणि काही झालं तर विमा हात वर करू शकतो.

५. मजला

मरीन प्लायवूड, १२ मिलीमीटर माणसांना पुरतं पण चेअरच्या छोट्या पुढच्या चाकांखाली वजन एका ठिकाणी येतं म्हणून आम्ही १८ चं वापरलं. सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं धरून, इपॉक्सी मारा.

एक सापळा सांगून ठेवतो. कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं जे हिरवट लाकूड मिळतं ते अॅल्युमिनियमच्या बोटीत टाकू नका. त्यात तांब्याचे क्षार असतात, ओलं झालं की ते अॅल्युमिनियमला खातात. तसंच स्टीलचे स्क्रू थेट अॅल्युमिनियमवर बसवले तर खाऱ्या पाण्यात भोकाभोवती पांढरी पावडर सुटते. मध्ये नायलॉनचं वॉशर आणि सीलंट घाला, स्टील ३१६ ग्रेडचं घ्या.

वरून कार्पेट नको. ओलं राहतं, चाक जड जातं आणि गळ अडकतात ते वेगळंच. मऊ फोमची शीट पायाला छान लागते पण चाकांनी तिचे तुकडे निघतात. आम्ही वाळू मिसळलेला घसरणरोधक रंग मारला, फार खरखरीत नको कारण ज्याला जमिनीवरून सरकत जावं लागतं त्याची कातडी सोलून निघते.

मजल्याच्या मोकळ्या कडेला निदान ५ सेंटीमीटर उंचीची पट्टी मारा म्हणजे चाक घसरून जात नाही. बाजूचं रेलिंग मासेमारीच्या जागी फार उंच नको. अमेरिकेच्या अॅक्सेसिबिलिटी नियमांत मासेमारीच्या धक्क्यांसाठी जिथे बसून गळ टाकायचा त्या भागात रेलिंग ८६ सेंटीमीटरच्या वर नको असं सांगितलंय, बोटीलाही ते माप धरून चालायला हरकत नाही. बाकी ठिकाणी उंच असलं तर उलट चांगलं.

६. चढणं आणि उतरणं

रॅम्पचा उतार १:१२ हा सगळीकडे धरला जाणारा आकडा, म्हणजे ३० सेंटीमीटर उंचीच्या फरकाला ३.६ मीटर लांब रॅम्प. ऐकायला फार वाटतं. आम्ही पहिला रॅम्प आखूड केला, दीड मीटरचा, आणि पहिल्याच वेळी चेअर मागे कलंडायला आली, मी मागे होतो म्हणून वाचलो. मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर धरा, फाटकात कमीत कमी ८१, आणि दोन्ही कडांना उभी पट्टी.

रॅम्प बोटीच्या बाजूला हुकाने किंवा बिजागरीने धरलेला आणि जेटीच्या बाजूला मोकळा सरकणारा पाहिजे, खाली रोलर असला तर उत्तम. दोन्ही टोकं घट्ट बांधली की बोट हलल्यावर रॅम्प पिळवटतो. बोट मात्र घट्ट, पुढून मागून आणि तिरप्या दोऱ्यांनी पण, म्हणजे ती पुढे-मागे सरकत नाही. भरती-ओहोटीच्या जागी निघताना सपाट असलेला रॅम्प परत येताना घसरगुंडी झालेला असतो, म्हणून वेळापत्रक बघून परतीची वेळ आधी ठरवा, निघायची नंतर. तरंगती जेटी मिळाली तर हा प्रश्नच जातो.

उतरताना उतार जास्त असेल तर चेअर उलटी, पाठीमागून, मदतनीस खालच्या बाजूला. पॉवर चेअर असेल तर आधी रॅम्पची क्षमता तपासा, चेअर अधिक माणूस मिळून.

ज्यांना चेअरमधून सीटवर सरकता येतं त्यांच्यासाठी ट्रान्सफर बोर्ड, ती गुळगुळीत फळी, सगळ्यात साधी आणि भरवशाची. बोटीतली सीट चेअरच्या सीटच्या उंचीला आणा, ४३ ते ४८ सेंटीमीटरच्या आसपास. दादा आता असाच जातो आणि त्याची चेअर फोल्ड करून मागे ठेवतो.

झोळीवाला हॉइस्ट, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणारं साधन, लावणार असाल तर एक लक्षात घ्या, माणूस झोळीत लटकला की त्याचं वजन बोटीच्या दृष्टीने हॉइस्टच्या वरच्या टोकाला असतं, तो खाली कितीही जवळ असला तरी. म्हणून छोट्या बोटीवर हॉइस्ट बसवू नका, जेटीवर बसवा.

७. चेअर धरून ठेवा, माणसाला बांधू नका

हे मी जाड अक्षरात मनात लिहून ठेवलंय. गाडीत चेअर चार बाजूंनी पट्ट्यांनी बांधतात आणि माणसाला बेल्ट लावतात, ते रस्त्यावर बरोबर आहे. बोटीत तेच केलं आणि बोट उलटली तर माणूस चेअरला बांधलेला, चेअर बोटीला बांधलेली, आणि लाईफ जॅकेटचा उपयोग शून्य. आम्ही पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं, गाडीतले पट्टे आणून. दादाने बघितलं आणि म्हणाला, मला यातून एका हाताने, डोळे मिटून सुटता आलं पाहिजे, करून दाखव. मला स्वतःला जमलं नाही.

आता असं आहे: चेअरच्या मागच्या चाकांसाठी मजल्यात दोन खोबणी, पुढे एक आडवी पट्टी, चेअरचे ब्रेक. यामुळे ती सरकत नाही पण वर उचलली की सुटते. माणसाच्या कमरेचा बेल्ट पाण्यावर असताना काढलेला. ज्यांना पाठीला आधाराशिवाय बसताच येत नाही त्यांच्यासाठी उंच पाठीची, बाजूला उशी असलेली सीट करा, छातीला रुंद वेल्क्रो पट्टा ठीक आहे पण तो एका ओढीत सुटणारा पाहिजे, ओढायचं टोक त्या माणसाच्या चालणाऱ्या हाताजवळ पाहिजे, आणि तो सोडायची प्रॅक्टिस ओल्या हाताने झालेली पाहिजे. हाताने सोडताच येत नसेल तर शेजारी बसलेल्या एका माणसाचं तेवढंच काम, त्याने गळ टाकायचा नाही.

जमत असेल तर चेअरपेक्षा बोटीची सीट बरी, कारण वजन खाली येतं. आणि जड पॉवर चेअर छोट्या बोटीत नकोच, ती तरंगत नाही आणि खाऱ्या पाण्याचा फवारा तिच्या कंट्रोलरमध्ये गेला तर माणूस काठावर अडकून पडतो. साध्या चेअरवर बसवून न्या.

८. लाईफ जॅकेट: आधी तलावात घालून बघा

दुकानात बसतं ते पाण्यात बसेलच असं नाही. जॅकेटवर तरंगवायच्या ताकदीचा न्यूटनमध्ये आकडा असतो, ५०, १००, १५०, २७५. ५० चं नुसतं पोहणाऱ्याला मदत म्हणून असतं, ते तोंड वर वळवत नाही, ते नको. १०० च्या पुढचं घ्या.

पण खरा मुद्दा शरीराचा. ज्यांच्या पायांचे स्नायू आटलेत त्यांचे पाय पाण्यात वर तरंगतात, आणि मग शरीर तोंडावर पालथं पडू शकतं. एक पाय मांडीपासून नसेल तर शरीर एका बाजूला फिरतं. कृत्रिम पाय आतून पोकळ असेल तर तो तरंगून शरीर ओढतो, भरीव असेल तर खाली ओढतो. हे कुठल्याही लेबलवर लिहिलेलं नसतं. म्हणून स्विमिंग पूलमध्ये, दोन पोहणारे दोन्ही बाजूला उभे, त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या कपड्यांत आणि जॅकेटमध्ये हळूच पालथं सोडा आणि बघा तोंड आपोआप वर येतं का. दादाचं पहिल्या जॅकेटमध्ये आलं नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घेतलं तेव्हा आलं, कारण आधीचं वर सरकून गळ्याशी येत होतं.

दोरी ओढून फुगणारं जॅकेट हातात ताकद नसलेल्याला नको. आपोआप फुगणारं किंवा फोमचं.

आणि पाण्यात पडलेल्याला परत बोटीत कसं घेणार? शिडी इथे कामाची नाही. आमच्याकडे जाळीचा लांब तुकडा आहे, एक कड बोटीला बांधलेली, जाळी माणसाच्या खालून घालून दुसरी कड वर ओढायची, माणूस आडवा गुंडाळत कडेवर येतो. ओढायला जवळजवळ निम्मी ताकद लागते. हे पण उथळ पाण्यात करून बघा, पहिल्यांदा आम्हाला पाच-सहा वेळा लागले.

९. रॉड आणि रील

इथे खर्च कमी आणि आनंद जास्त, त्यामुळे कंजूषी नको.

रॉड होल्डर चेअरला क्लॅम्प करणारे मिळतात, छोट्या माशांना ठीक. मोठा मासा असेल तिथे होल्डर बोटीच्या कडेलाच, कारण मासा बाजूला ओढायला लागला की चेअर कलते. रॉडला दोरी बांधायची तर दुसरं टोक बोटीला, चेअरला किंवा मनगटाला कधीच नाही.

काकांसाठी, म्हणजे एका हाताने: छातीला हार्नेस आणि त्यात रॉडचं बूड टेकवायची खोबण, रील चालत्या हाताने. स्पिनिंग रील (रॉडच्या खाली लटकणारी) हिचा दांडा बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे बदलता येतो, बेटकास्टिंग रील (रॉडच्या वर बसणारी) हिचा बदलता येत नाही, विकत घेतानाच बाजू बघा. गाठी घरी आधीच मारून ठेवायच्या, बोटीत नुसता स्नॅप, म्हणजे उघड-बंद होणारी छोटी कडी, अडकवायचा. मूठ आवळता येत नसेल तर पाईपवर लावायचा फोम रॉडच्या दांड्यावर चढवा आणि हातावरून वेल्क्रोची पट्टी घ्या, परत तेच, एका ओढीत सुटणारी.

१२ व्होल्टवर चालणारी इलेक्ट्रिक रील खोल पाण्यात मासे धरणारे वापरतात, ज्यांच्या मनगटात जोर नाही त्यांना ती वरदान आहे. मानेखाली काहीच हलत नाही अशांसाठी फुंकर मारून किंवा हनुवटीने चालणारी साधनं पण आहेत. जाळीची झोळी लांब दांड्याची घ्या म्हणजे मासा उचलायला वाकावं लागत नाही.

१०. मोटर

पायाने चालवायची ट्रोलिंग मोटर (मासे धरताना बोट हळू हलवणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर) असेल तर रिमोटवाली घ्या. जीपीएसवर बोट एका जागी धरून ठेवणाऱ्या आल्यात, त्याने नांगर टाकायचं-ओढायचं वाकणं वाचतं. नांगर टाकणार असाल तर पुढून, मागून कधीच नाही, मागची कड खाली ओढली जाऊन पाणी आत येतं.

किल स्विचची दोरी, म्हणजे ओढली गेली की मोटर बंद करणारी, चालवणाऱ्याच्या जॅकेटला लावा. मी एकाला ती चेअरच्या हाताला अडकवलेली बघितली. माणूस पडला आणि चेअर तिथेच राहिली तर मोटर चालूच राहील ना.

वेग कमी. लाटेवर बोट आपटते तेव्हा आपण गुडघे वाकवून धक्का घेतो, बसलेल्याचा सगळा धक्का कण्यात जातो. पुढच्यापेक्षा मधल्या किंवा मागच्या जागेवर तो कमी लागतो.

११. शरीराचं

जिथे स्पर्श कळत नाही तिथे उन्हात तापलेली अॅल्युमिनियमची सीट भाजून काढते आणि माणसाला कळतही नाही. सगळ्या धातूवर कापड टाका, ठेवण्याआधी आपला हात लावून बघा. प्रेशर कमी करायची उशी रोजचीच घ्या आणि दर १५ ते ३० मिनिटांनी वजन उचलणं किंवा बाजूला झुकणं, मासा लागत असला तरी. फोनवर अलार्म लावा.

कण्याला वरच्या भागात इजा असलेल्यांना घाम नीट येत नाही, शरीर तापतं किंवा गार पडतं आणि सावरत नाही. सावली, पाण्याचा स्प्रे, जादा गरम कपडे तिन्ही पाहिजेत. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्यांना उष्णतेने ताकद एकदम जाऊ शकते.

कण्याला टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर इजा असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हा शब्द बोटीतल्या प्रत्येकाला माहीत असला पाहिजे. बहुतेक वेळा कारण भरलेलं मूत्राशय किंवा अडकलेली कॅथेटरची, म्हणजे लघवी काढायची, नळी. डोकं ठणकतं, चेहरा लाल, रक्तदाब झपाट्याने वर. माणसाला सरळ बसवा, घट्ट कपडे सैल करा, नळी तपासा आणि लगेच डॉक्टरांकडे. म्हणून लघवीची सोय कुठे आणि कशी हे लाजून न ठेवता निघण्याआधी ठरवा. पडद्याची एक कांब आणि कापड, एवढ्याने होतं. पाणी कमी पिऊन भागवायचं हा उपाय नाही.

१२. कागद आणि सामान

कागद: बोटीची नोंदणी, विमा आणि बदलांबद्दलचं पत्र, वेल्डरने केलेल्या कामाचे फोटो आणि बिल, मासेमारीचा परवाना लागत असेल तर तो (अपंगांना काही ठिकाणी सवलत असते, विचारा), औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर. सगळं वॉटरप्रूफ पिशवीत.

सामान: ट्रान्सफर बोर्ड, जादा पट्टे, पट्टा कापायचा बोथट टोकाचा चाकू हाताशी लटकवलेला, गळ कापायची पक्कड, चेअरचा पंप आणि पंक्चरचं सामान, शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला. समुद्रात व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा वायरलेस), संकटात हाक मारायचा चॅनल १६, आणि त्याचा माईक बसलेल्या माणसाच्या हाताला पोचला पाहिजे. बहुतेक बोटींत तो उभ्या माणसाच्या उंचीला असतो.

१३. पहिली फेरी

पहिल्या दिवशी रॉड नेऊ नका. खरंच. आम्ही नेले आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. नुसतं चढा, जेटीपासून शंभर मीटर जा, परत या, उतरा. दुसऱ्यांदा एक तास. काय टोचतंय, काय हाताला पोचत नाही, कुठे पाणी साचतंय हे त्या माणसाने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. दादाने पहिल्या तासात अकरा गोष्टी सांगितल्या, त्यातल्या नऊ मला उभं राहून कधीच दिसल्या नसत्या.

मदतीला दोन जण पाहिजेत, एक बोट सांभाळणारा आणि एक माणसाजवळ. आणि काठावरच्या कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा.

घरी आल्यावर चेअर गोड्या पाण्याने धुवा, पुढची छोटी चाकं काढून बेअरिंग पुसा आणि ग्रीस लावा, खारं पाणी दोन-तीन फेऱ्यांत ती जाम करतं. त्याच्या आधी मात्र बसायच्या जागेची, टाचांची आणि कोपरांची कातडी आरशात बघून घ्यायची. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्या जागेवर पूर्ण आराम, आणि डाग जाईपर्यंत पुढची फेरी नाही, मासे कितीही लागत असू देत.